कोकरेवस्तीची शिट्टी

सातारा,
१२ जानेवारी १९४१

चि. नाथाजी,

‘पत्रास कारण की’ गाळते. कारण पुढे आहेच.

पुण्याच्या एका मासिकाने माझ्याकडे तुमच्या छोट्या लाइनीचा इतिहास मागितला आहे. कवठ्याहून पूर्वेला माळावर जाणाऱ्या लाइनीचा. आबा त्या कामावर ओव्हरसियर होते, मी त्यांची मुलगी आहे आणि मला लिहिता येते, एवढ्यावर संपादक माझ्या शाळेत येऊन बसले. मी होकार दिला. आबांना जाऊन दहा वर्षे होत आली आणि त्यांच्या नावाने चार ओळी कोणी लिहिलेल्या नाहीत.

तू त्या लाइनीवर इंजिन चालवतोस, तेव्हा मला खालील गोष्टी कळव. गाडीतून मुख्यतः कोणता माल जातो? इंजिने तीच जुनी आहेत की बदलली? आणि कोकरेवस्तीजवळ लाइन एकदम उजवीकडे का वळते? नकाशात ते वळण पाहून मी बुचकळ्यात पडले. आबा विनाकारण वळण देणाऱ्यांतले नव्हते, रुळातही नाही आणि बोलण्यातही नाही.

आता दुसरे. लालासाहेबांच्या मुलीच्या लग्नात मी एक गोष्ट ऐकली. तू म्हणे त्याच कोकरेवस्तीला, स्टेशन नसताना, भर माळावर गाडी उभी करतोस आणि बायकांना इंजिनातले पाणी वाटतोस. लोक हसून सांगत होते. मला हसू आले नाही. ही गोष्ट खरी आहे का, एवढेच हो किंवा नाही लिही.

अंजनाला आशीर्वाद. तिने वाचन सोडले नसेल अशी आशा करते.

विजयमाला


मिरज,
२० जानेवारी १९४१

ती. आक्कास नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं की मला अजून शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. मावसबहीण म्हणून देवानं मास्तरीणच दिली. विचारलं तसं सांगतो.

माल म्हणजे मेंढरं, लोकर, बाजरी, शेंगा. परत येताना मीठ, रॉकेल, कापड. इंजिन तेच जुनं. आम्ही तिला काळी म्हणतो. चढावर खोकते, उतारावर ऐकत न्हाई, पण स्वभावानं चांगली हाय.

वळणाचं असं. सरळ गेलं असतं तर पुढं काळा पाषाण लागत होता. तो फोडायचा म्हणजे लय खर्च. म्हणून लाइन वळवली आणि भराव घातला. पण भराव जिथून नेला तिथं वस्तीची विहीर होती. माळावरची एकुलती एक. ती भरावाखाली गेली. त्यानंतर वस्तीनं दोन जागी खणून बघितलं, खडकाबिगर काय लागलं न्हाई.

तेव्हा वस्तीची माणसं कामावर आडवी पडली होती. आबा त्यांच्यात गेले आणि बोलले, जोवर गाडी तोवर पाणी. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तुम्हाला पाणी देईल. हे मी पदरचं सांगत न्हाई. वस्तीतला हरिबा कोकरे सांगायचा. तो तेव्हा तरणा गडी होता. गेल्या आखाडात वारला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’. पण वाटतो म्हणू नका. ते त्यांचं पाणी हाय, मी पोचवतो. खिंडीच्या अलीकडं शिट्टीची पाटी हाय, तिथं मी लांब शिट्टी दिली की बाया घागरी घेऊन निघतात. मी पोचतो तवर त्या रांगेत उभ्या. टेंडरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या टाकीची, तोटी सोडतो. पाण्यात कोळशाची पूड येते, ती पदरानं गाळून घेतात. हरिबाची सून हरणाबाई मोठी तोंडाळ. काल म्हणाली, “आवं डायवर, तुमच्या काळीनं आज तोंड धुतलं न्हाई वाटतं, आमच्या वरणाला फोडणी लागली कोळशाची.” गार्ड हसून हसून खाली बसला.

माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं हेच केलं, त्याच्या आधीच्यानंही. फोरमनला ठाऊक हाय, गार्डाला ठाऊक हाय. कुणी विचारत न्हाई, कुणी सांगत न्हाई.

तुमचा,
नाथाजी


सातारा,
२६ जानेवारी १९४१

चि. नाथाजी,

‘लय’ हा शब्द पत्रात लिहू नकोस. चौथीच्या मुलींना मी त्यासाठी उभे करते.

तुझे पत्र मी पुन्हापुन्हा वाचले. ती विहीर मला आठवते. मी कॉलेजात होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आबांच्या तंबूवर राहायला गेले होते. टेकाडावर तंबू होता. त्या विहिरीचे पाणी मी प्याले आहे. जूनमध्ये मी पुण्याला परतले आणि नंतर तिचे काय झाले हे मी कधी विचारले नाही. आबांनीही सांगितले नाही.

पण आबांनी असा शब्द दिला असेल तर तो कागदावर असला पाहिजे. दोन पैशांचा खिळा आणला तरी ते पावती घेत. तोंडी शब्दावर अठ्ठावीस वर्षे पाणी चालले आहे, ही मला अभिमानाची गोष्ट वाटत नाही, काळजीची वाटते. उद्या तुझ्या जागी दुसरा ड्रायव्हर आला आणि त्याने तोटी सोडली नाही, तर त्या बायका कोणाकडे दाद मागणार? तुझ्या मनाच्या चांगुलपणाकडे? कोणाचा हक्क असेल तर तो चोरून का पोचवायचा? हक्क चोरून दिला की त्याची भीक होते.

म्हणून मी इंग्रजीत एक अर्ज लिहून सोबत पाठवत आहे. त्यात विहिरीची हकीकत आहे, आबांच्या शब्दाची आहे आणि कोकरेवस्तीला पाण्यासाठी गाडी थांबवण्याची रीतसर मंजुरी मागितली आहे. त्याखाली सही कर आणि वर पाठव. मी शब्द जपून घातले आहेत, नकार देणे त्यांना अवघड जाईल.

हे केल्याशिवाय मला पुढचे पत्र लिहू नकोस.

विजयमाला


मिरज,
९ मार्च १९४१

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

अर्ज पाठवला, म्हणून लिहितो.

उत्तर आलं. तुमचं इंग्रजी साहेबाला फार आवडलं म्हणे, त्यानं शेजारच्या साहेबाला वाचून दाखवलं. मग हुकूम काढला. इंजिनातलं पाणी कंपनीच्या कामाशिवाय कुणालाही देणं बंद. कोकरेवस्तीला गाडी थांबवणं बंद. टेंडरच्या तोटीला शिसं ओतून मोहोर ठोकली हाय. शेडमध्ये येताना ती तपासतात, जाताना तपासतात. विहिरीबद्दल लिहिलंय की असा कागद दप्तरात सापडत नाही.

फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, “नाथाजी, आम्ही सगळे डोळे झाकून होतो. तू डोळ्यांत बोट घातलंस. कशाला रं?”

मी तुमचं नाव सांगितलं न्हाई.

आता एक गोष्ट सांगतो, ती मागच्या पत्रात मुद्दाम लिहिली नव्हती, तुम्ही हसला असता. आबांनी शब्द दिला तो नुसता तोंडानं न्हाई. त्या लोकांत बिरोबाचा भंडारा उचलून बोललं की ते बोलणं मोडत न्हाईत. आबांनी हळद हातात घेऊन शब्द दिला. पहिली गाडी आली तेव्हा तोच भंडारा इंजिनावर उधळला. तेव्हापासून दर दसऱ्याला हरिबा काळीच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि ड्रायव्हर नवा असला तर त्याच्या हातावर ठेवायचा. कागद का करून घेतला न्हाई, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “आरं, कागुद वाळवी खाती. भंडारा कोन खातंय?”

मी सुद्धा तो उचललाय, आक्का. अकरा वर्षं झाली.

आणि शिट्टीचं काय करू? पुढं वळण, वळणाआड खिंड, पाटीपाशी शिट्टी दिलीच पाहिजे, तोही नियमच. मी शिट्टी देतो आणि बाया घागरी घेऊन निघतात. पाणी बंद झालं हे त्यांना सांगून झालंय. तरी निघतात. कान ऐकतो, पाय निघतात. रांगेत उभ्या राहतात आणि मी त्यांच्यासमोरून काळी घेऊन जातो.

नाथाजी


सातारा,
१४ मार्च १९४१

चि. नाथाजी,

हुकूम वाचून मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. पहिल्या पायरीवरचा माणूस नेहमी नाहीच म्हणतो. मी वरच्या साहेबांना माझ्या नावाने पत्र लिहिले आहे. आबांची मुलगी म्हणून, साक्षीदार म्हणून. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर तू हुकूम पाळायचा आहे. हे मी तुला विनंती म्हणून लिहीत नाही.

भंडाऱ्याबद्दल मी हसले नाही. आबांनी हळद हातात घेतली हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिले, ते येत नाही. देवघरातही ते पायांत चपला ठेवून उभे राहत. पण तू म्हणतोस तर घेतली असेल. कामावर आडवी पडलेली माणसे उठवायची होती.

शिट्टी दे आणि समोर बघ. बाजूला पाहू नकोस. बायका काही दिवस येतील, मग येणार नाहीत. माणसाला सवय मोडता येते. नाल्याच्या कडेला त्यांनी पुन्हा खणून पाहावे. दोन कोसांवर दुसऱ्या वाडीची विहीर आहे असे नकाशात दिसते.

लेखासाठी काळीचा एखादा फोटो मिळाला तर पाहा.

विजयमाला


मिरज,
२८ एप्रिल १९४१

ती. आक्कास नमस्कार.

सगळं ठीक हाय. ऊन फार. त्या दुसऱ्या वाडीच्या विहिरीवर आपल्या बायांना दोर टाकू देत न्हाईत. वस्तीतली निम्मी घरं मेंढरं घेऊन कोल्हापूरकडं गेली, एरवी दिवाळीपर्यंत थांबतात. हरणाबाईचं पोर लहान, सासू बयाबाई डोळ्यांनी अधू, म्हणून ती दोघी-तिघींबरोबर राहिली.

काळीचा इंजेक्टर अलीकडं नीट धरत न्हाई. इंजेक्टर म्हणजे टेंडरमधलं पाणी बंबात ढकलतो तो. धरला न्हाई की बाजूच्या नळीतून पाणी सांडतं. कोकरेवस्तीच्या वळणावर फार सांडतं. तोटीची मोहोर मात्र शाबूत हाय, रोज तपासतात. वळणावर मी गाडी सावकाश नेतो.

फोटो मिळाला न्हाई.

नाथाजी


सातारा,
३ मे १९४१

चि. नाथाजी,

तुझे पत्र इतके त्रोटक का, हे कळले नाही. वरून अजून उत्तर नाही. मी स्मरणपत्र धाडले आहे.

इंजेक्टर नीट धरत नसेल तर शेडमध्ये लेखी कळवून तो दुरुस्त करून घे. नादुरुस्त यंत्र घेऊन माणसांची गाडी ओढणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तो तुझ्याकडून व्हावा याचे मला नवल वाटते. वळणावरच फार सांडते म्हणजे गाडी कलते तेव्हा काहीतरी सैल होत असेल. फोरमनला तसे सांग.

परीक्षा संपल्या. लेखाचा पहिला भाग लिहून झाला. वळणाचे कारण मी सविस्तर दिले आहे.

विजयमाला


मिरज,
२१ मे १९४१

आक्का यास्नी अंजनाचा नमस्कार.

मी लिवते कारन ह्ये लिवत न्हाईत. आट दिस झालं भितीकडं तोंड करून बसल्यात. कामावरनं घरी बसवलंय त्येंना. चवकशी हाय पुढच्या मयन्यात.

तुमाला इंजेक्टरचं लिवलं हुतं का? तो काय बिघडला न्हवता. ह्ये हातानं सोडायचे. तोटीला मोहोर हाय, नळीला न्हाई. नळीतनं पानी सांडलं तर कोन इचारतंय, असं मला हसून म्हनायचे. वळनावर गाडी मुंगीवानी चालवायची, आन बाया गाडीसंगं चालत नळीखाली घागर धरायच्या. चार पावलं हिची, चार पावलं तिची. अर्दं भुईवर, अर्दं घागरीत.

त्या दिवशी हरणाबाईची घागर निम्मीच भरली. गाडी म्होरं निघाली तशी ती पळाली. ह्ये ओरडले, “सोड गं, उद्या देतो!” ती म्हनाली, “उद्याचं पोर आज रडतंय!” आन पदर पायरीत अडकला. चाकाखाली गेली. फायरमन ज्ञानू सांगत हुता, घागर तशीच उबी हुती रुळाच्या कडंला. त्यात पानी बी हुतं.

आक्का, तुमी शिकलेल्या हाय. तुमी या. तुमी बोलला तर सायेब ऐकंल. ह्येंना ठावं न्हाई मी लिवलंय.

अंजना


सातारा,
२४ मे १९४१

अंजना,

मी चौकशीला येते. नाथाजीला जेवायला घाल. त्याला माझे पत्र दाखवायचे की नाही हे तू ठरव.

तो इंजेक्टर मला कळला नाही. शब्द सगळे समोर होते.

विजयमाला


मिरज,
२ जुलै १९४१

ती. आक्कास नाथाजीचा नमस्कार.

निकाल आला. नोकरी गेली. हुकूम असताना आडवाटेनं पाणी दिलं आणि त्यापायी बाई मेली, असं लिहिलंय. खोटं काय हाय त्यात?

तुम्ही आलात. साहेबापुढं उभ्या राहून बोललात. विहीर होती, मी तिचं पाणी प्याले, माझ्या वडिलांनी ती बुजवली, हे तुम्ही इंग्रजीत सांगितलंत आणि मग मराठीत, बाहेर बसलेल्या वस्तीच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. साहेब म्हणाला, बाई, तुम्ही तेव्हा सुट्टीवर आलेली कॉलेजची मुलगी होता, तुमच्यापाशी कागद आहे का? तुम्हाला बोलायला सुचलं न्हाई असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

नंतर फलाटावर बयाबाईनं तुम्हाला हात लावून चाचपलं, डोळ्यांना नीट दिसत न्हाई म्हणून. “ओरशेरबाबाची ल्येक व्हय गं तू?” तुम्ही हो म्हणालात. ती म्हणाली, “तुजा बा भंडारा उचलून बोलला. तू कागुद मागितलास.” तिला अर्जाचं कुणी सांगितलं मला ठाऊक न्हाई. मी सांगितलं न्हाई. फोरमनकडनं गेलं असेल.

तुम्ही गाडीत बसलात ते मागं न बघता. मी हात केला होता.

आक्का, मी तुमच्यावर रागावलो न्हाई. सही माझी होती, तोटी माझ्या हातात होती, नळीची अक्कलही माझीच. पण एक मागतो. माझ्यासाठी आता कुठं अर्ज करू नका. वरच्या साहेबाला पण न्हाई. मला इस्लामपूरकडं एका गुऱ्हाळावर काम मिळतंय, चरकाचं इंजिन बघायचं. ते एका जागी उभं असतं. तेच बरं.

नाथाजी


सातारा,
१५ फेब्रुवारी १९४२

चि. नाथाजी,

सात महिने मी तुला लिहिले नाही. तूही नाही. आज लिहिते, कारण काम आहे.

वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या आहेत. लढाईसाठी लोखंड हवे म्हणून ज्या लाइनींवर उत्पन्न कमी, त्या उखडून रूळ जहाजाने बाहेर पाठवणार. यादीत तुमची छोटी लाइन आहे. मार्चअखेर रूळ निघतील. म्हणजे जोवर गाडी तोवर पाणी, यातला उरलेला अर्धा भागही संपला.

पण रूळ गेले की भराव कोणाचा नाही. माती, मुरूम, दगड. त्यावर कोणाचा हुकूम चालत नाही, निदान मी तरी कोणाला विचारणार नाही.

हरिबा वारला. त्या विहिरीची जागा पाहिलेले तिकडे आता कोण आहे? बयाबाईला दिसत नाही, आणि भरावाखाली सगळी जमीन सारखीच. पण मी ती पाहिली आहे. नीट वाच.

नाल्यावरच्या दगडी मोरीच्या दक्षिणेला जे टेकाड आहे, त्यावर आबांचा तंबू होता. स्वयंपाक्याने चुलीसाठी जमिनीत पुरलेले दगड तिथे अजून असतील, ते कोणी उपटून नेण्यासारखे नाहीत. त्या चुलीपाशी उभा राहा आणि बिरोबाच्या देवळाच्या कळसाकडे बघ. सकाळी मी तिथे दात घासत उभी राहायची, तेव्हा पाणी शेंदणाऱ्या बायका मला बरोबर कळसाच्या खाली दिसत. चूल, विहीर, कळस एका रेषेत. ती रेष भरावाला जिथे कापते तिथे खणा. वळण सुरू होते तिथेच ते येईल. आबांनी वळण कुठून घेतले हे आता मला नकाशाशिवाय कळते.

तू वस्तीवर जा. वस्तीतली माणसे परतली असतील तेवढी घे. मी येत नाही. माझे तोंड चाचपायला बयाबाईला पुन्हा लावण्याचे कारण नाही.

लेख छापून आला. विहीर, भंडारा आणि माझा अर्ज हा भाग जागेअभावी गाळल्याचे संपादकांनी कळवले आहे. आबांचा फोटो मात्र मोठा छापला आहे. अंक पाठवत नाही.

विजयमाला


कोकरेवस्ती,
१९ मे १९४२

ती. आक्कास नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

रूळ गेले. गुऱ्हाळं बंद झाली तसा मी इकडं आलो. काळीला शेवटची गाडी ओढायला लावली ती तिच्याच रुळांची. पुढचं उखडायचं, तिच्या मागच्या डब्यात भरायचं, ती एवढी मागं यायची. ज्ञानू तिच्यावर होता. मी बघायला गेलो न्हाई, लांबून धूर दिसला.

चूल सापडली. दगड मातीत गेले होते, पण तीनही जागेवर. मी उभा राहिलो तर देवळाचा कळस दिसेना, मधे बाभळी वाढल्यात. बाभळी तोडल्या. मग सरळ रेषेत दोर धरला. वस्तीत सात घरं उरलीत, आणि त्यातले गडी चार. मी पाचवा. अंजनाही पाटी उचलत होती. ती तुम्हाला सांगायला सांगते, वाचन चालू हाय.

भराव मोठा निघाला. आबांचं काम पक्कं होतं, आक्का. पहार लागत न्हवती. चौथ्या आठवड्यात थर बदलला, काळा चिकण लागला, आणि मग विहिरीचा दगडी काठ. तुम्ही म्हणालात तिथंच. आत कोळशाची राख आणि दगड भरून टाकले होते. ते उपसत उपसत खाली गेलो. ओल लागली तेव्हा सगळे काठावर बसून राहिले.

पाणी थोडं हाय. गढूळ, त्याला राखेचा वास येतो. दिवसात दहा-बारा घागरी भरतात, मग थांबावं लागतं. सात घरांना पुरतं, निगुतीनं. पंधरा घरं असती तर पुरलं नसतं.

मी बयाबाईला सांगितलं, जागा आक्कानं सांगितली. ती म्हणाली, “बराबर सांगितली.” एवढंच. मी त्यात काही घालत न्हाई, काढत न्हाई.

आता शेवटचं. पाणी लागलं त्या दिवशी मी घरोघरी जाऊन सांगितलं, घागरी घेऊन चला. बाया दारात उभ्या. कुणी निघंना. घागरी काखेत, नजर खिंडीकडं. मला वाटलं, विश्वास बसत न्हाई. तर बयाबाई ओट्यावरनं म्हणाली, “आरं डायवर, शिट्टी द्ये की. त्याबिगर पाय उचलंल व्हय त्येंचा?”

काळी तर गेली. मी दोन बोटं तोंडात घातली आणि वाजवली. लांब, पाटीपाशी द्यायचो तशी. लाज वाटली, पण वाजवली.

बाया निघाल्या. रांग धरून. बयाबाई नातवाला काखेत घेऊन, चाचपत, सगळ्यांच्या मागं. तिच्या पुढं एका बाईएवढी जागा सोडून.

रोज सकाळी आता मीच वाजवतो. पाऊस लागला की गुऱ्हाळाच्या मालकाला ‘येत न्हाई’ असं कळवणार हाय. इथंच राहतो. भंडारा मी उचललाय, काळीनं न्हाई.

तुमचा,
नाथाजी